धोंड्यात जवाईबापूले कावीळ

चहाचे कप आधी खाली ठेवा बाप्पा, मंग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगतला तं माह्या नणदेनं हसता हसता नव्या चादरीवर अख्खा कप उलटा केला. तुमीही हसान. हसा! पण एक ध्यानात ठेवा, जे केलं ते मी मूर्खपणानं नाई केलं. पूर्ण इचार करून, शहाणपणानं केलं. माहं असंच हाये. बिनडोक्यानं केलेलं काम माह्या हातून कधी बिघडत नाई. डोस्कं लावलं का घर हालते.

आमी राहतो वर्ध्याजवळ, बोरगाव मेघेले. आमचे हे लाइनमन होते, आता रिटायर होऊन घरातलेच बटनं खोलून पाहत बसतात. पोरगी एकच, पल्लवी. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात तिले हिंगणघाटले देली. जवाईबापूचं नाव निखिल, शाळेत क्लर्क हायेत. माणूस सोन्यासारखा, पण संकोची म्हणजे किती संकोची? पहिल्यांदा घरी आले तं सोफ्यावर आमच्या यायची लोखंडी पकड पडली होती. तिच्यावर बसले अन् घंटाभर तसेच बसून राह्यले! "बापू, उठले काऊन नाई?" इचारलं तं म्हणे, "आई, मले वाटलं ती तिची ठेवायची जागा असन."

अशा माणसाचा पहिला धोंडा आला.

धोंड्याचा महिना म्हणजे आपला अधिक महिना हो. तीन वर्षांतून एकदा येते. जवायाले घरी बोलवा, पाय धुवा, पुरणाचे धोंडे खाऊ घाला, तेहतीस अनारशाचं वाण द्या. त्या महिन्यात जवाई म्हणजे साक्षात नारायण! अन् मले तं नारायणापेक्षा नारायणाच्या मायचं जास्त टेन्शन होतं.

विहीणबाई एकट्याच हायेत. नवरा लवकर गेला, लोकांचे कपडे शिवून पोराले शिकवलं. बाई शिस्तीची. बोलते कमी, पण बोलली का ते वाक्य सहा महिने कानात राहते. लग्नात आमची कढी पातळ झाली होती, तं मले फक्त येवढंच म्हणली, "उन्हाळा हाये ना, पातळच बरी." अजूनही कढी ढवळताना मले ते आठवते. म्हणून ठरवलं होतं, या धोंड्यात विहीणबाईले बोट ठेवाले जागा ठेवायची नाई.

जेवण रविवारी ठरलं. पल्लवी पंधरा दिवस आधीच माहेरी आली होती, जवाईबापू गुरुवारी आले. विहीणबाईले काही उन्हात निघणं झेपत नव्हतं. "पोराले पाठवते, सांभाळून घ्या," असा फोन केला होता.

गुरुवारी मी पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला. माह्या पाटोडीसाठी लोक आर्वीहून येतात, खोटं नाई सांगत. वर अशी लाल तर्री! जवाईबापूनं एक घास घेतला. डोळ्यात पाणी. दुसरा घास घेतला, अन् गडवाभर पाणी पेले. "आई, छान झालं," म्हणे. अन् बाकीचं जेवण दहीभातावर! रस्सा तसाच वाटीत. माह्या पाटोडीचा येवढा अपमान आजवर कोणी केला नव्हता. पण जवाई पडले, काय बोलता?

शुक्रवारी सकाळी खरा घोटाळा सुरू झाला.

आमच्याकडे उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येते. म्हणून यायनं संडासच्या फ्लशची टाकी तारेनं बांधून टाकली. बादली अन् मग. अन् आमचे जवाईबापू पडले लोकाच्या घरचं पाणी वाचवणारे, अर्धा मग टाकून बाहेर येणारे. त्यायच्या मागून मी फिनाईल घेऊन आत गेली अन् पाह्यते तं काय! पिवळं! साधं पिवळं नाई हो, पिवळं जर्द! होळीचा रंग कालवून ठेवल्यावाणी! माह्या हातातलं फिनाईल हातातच राह्यलं.

सरळ बाहेर आली. हे ओसरीत पेपर वाचत बसले होते.

"अहो, जवाईबापूले कावीळ हाये."

"कोण म्हणलं?"

"मी म्हणली."

"तू कायवरून म्हणली?"

"संडासवरून म्हणली!"

यायनं पेपर खाली ठेवला. "अवं, उन्हाळा हाये. पाणी कमी पेलं असन."

"काल माह्यासमोर दोन गडवे पेले! मी मोजले!"

आता तुमीच सांगा, माही काय चूक? जेवण जात नाई, ही कावीळ. दुपारी बापू दोन घंटे झोपले, ही कावीळ. आता वर्ध्यात मे महिन्यात कूलरसमोर कोण झोपत नाई म्हणा! पण तेव्हा मले काही सुचत नव्हतं. डोळे पाहाचे राह्यले होते. झोपून उठल्याबरोबर मी जवाईबापूले खिडकीपाशी बसवलं.

"बापू, डोळ्यात काही गेलं काय तुमच्या?"

"नाई आई."

"गेलं असन. पाहू." अन् बोटानं खालची पापणी खाली ओढली. गरीब माणूस, मान वर करून बसून राह्यला. डोळे पिवळे! चांगलेच पिवळे! खिडकीले पिवळा पडदा होता हे मले रविवारी आठवलं.

तेवढ्यात पल्लवी आली. "माय, काय करून राह्यली तू?"

"डोळे पाहून राह्यली."

"काऊन?"

"चांगले हायेत," म्हटलं अन् निघून आली. पोरीच्या लग्नाले वर्षही नाई झालं, तिले कायले घाबरवायचं?

तुमी म्हणान, बाई, येवढं होतं तं सरळ जवायाले इचारायचं. अरे वा! सासूनं जवायाले काय इचारायचं? 'बापू, तुमची लघवी पिवळी काऊन होते?' जीभ झडून पडन माही! हे काम पुरुषमाणसाचं. मी यायले पाठवलं. हे गेले, जवाईबापूच्या बाजूले बसले, खाकरले. मी दाराआड उभी.

"बाकी काय, बापू?"

"बरं हाये बाबा."

"सगळं... मोकळं हाये ना?"

जवाईबापूनं इचार केला. "हाव बाबा. शनिवार-रविवार तं एकदम मोकळं."

"झालं मंग!" म्हणून हे उठून आले. मले म्हणे, "इचारलं. काही नाई." तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, अन् जवायाले इचाराची हिंमत नाई!

मंग म्या सगळं हातात घेतलं. काविळीले पथ्य मोठं कडक. तेल बंद, तिखट बंद, हळद तं डोळ्यासमोरही नको. धोंड्यासाठी भरून आणलेला तेलाचा डबा मी पलंगाखाली ढकलला. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाले मुगाचं पातळ पाणी, मऊ भात, बिनफोडणीची मुळ्याच्या पाल्याची भाजी. ताटाकडे पाहून पल्लवीचं तोंडच उतरलं.

"माय, धोंड्यात हे?"

"उन्हाळा हाये. थंड खावं," म्हटलं.

अन् जवाईबापू? तीनदा भात घेतला! मुगाच्या पाण्याच्या चार वाट्या पेल्या! हात धुता धुता मले म्हणतात, "आई, लग्न झाल्यापासून या घरी आज पहिल्यांदा पोटभर जेवलो." मी पदर डोळ्याले लावला. म्हटलं पाहा, बिमार आंगाले बरोबर समजते काय पाह्यजे ते. ते माह्या पाटोडीबद्दल काय बोलून गेले, हे डोस्क्यात शिरालेही तयार नव्हतं.

शनिवारी सकाळी परत पाह्यलं. कालच्यापेक्षा जास्त! आता थांबण्यात अर्थ नव्हता. आंजीकडल्या एका खेड्यात काविळीची माळ देणारे एक म्हातारेबुवा हायेत. झाडाच्या काड्याची माळ करतात, डोस्क्यावर ठेवतात, अन् कावीळ उतरत गेली का माळ वाढत वाढत खाली गळ्यात येते, असं म्हणतात. पण जवाईबापूले न्यायचं कसं?

"बापू, आमच्याकडे रीत हाये," मी ठोकून देलं. "पहिल्या धोंड्यात जवायाच्या डोस्क्यावर माळ ठेवतात."

"ठेवा ना आई," म्हणे. कायची माळ, कोणाची रीत, एक शब्द नाई!

ऑटोनं गेलो. बुवानं बापूचे हात चुन्याच्या पाण्यानं धुतले, पाणी पिवळं झालं. बापू ते पाणी असं कौतुकानं पाहून राह्यले होते का मलेच भडभडून आलं. बुवानं डोस्क्यावर माळ ठेवली अन् मले बाजूले घेऊन म्हणाले, "जुनी हाये बाई. आतमधी मुरली हाये."

जुनी! मुरली हाये!

ऑटोत बसल्या बसल्या माहं डोस्कं भणभणाले लागलं. जुनी म्हणजे किती जुनी? लग्नाच्या आधीची! म्हणजे विहीणबाईले माहीत होतं! म्हणूनच 'सांभाळून घ्या' म्हणल्या होत्या! म्हणूनच पोराले एकटं पाठवलं! सगळं जुळून राह्यलं होतं. अन् जिनं माह्या कढीले पातळ म्हटलं, तिनं आपलं बिमार पोरगं आमच्या गळ्यात घातलं?

घरी आली, चप्पल काढली अन् फोन लावला. आमचे हे मागून हातानं खुणा करून राह्यले होते, ठेव, ठेव. मी ऐकते काय?

"विहीणबाई, एक बोलू? राग नका मानू."

"बोला ना."

"लग्नाच्या आधी सांगाले पाह्यजे होतं."

"काय वो?"

"पोराचं. लिव्हरचं."

तिकडून हळूच, "निखिलले काय झालं?" त्या माउलीचा जीव घाबरा झाला होता, अन् मले, या शहाणीले, वाटलं का चोरी पकडली गेली.

"मुरलेली कावीळ हाये म्हणते! मायले माहीत नाई असं कसं होईन? आमची पोरगी फसवली तुमी!"

फोन कटला.

'फसवली' म्हणली ना मी, तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर मले वाटलं का हा नव्हता बोलाले पाह्यजे. पण निघाला होता. त्या रात्री माहंही मुगाचं पाणी घशाखाली उतरलं नाई.

रविवारी सकाळी आठच्या आत विहीणबाई दारात उभ्या. पहिल्या गाडीनं आल्या होत्या. हातात कापडी पिशवी, कपाळावर घाम, पायाले धूळ. अंगणात जवाईबापू खुर्चीवर बसले होते. डोस्क्यावर माळ, हातात उसाच्या रसाचा गिलास. मायले पाहून गडबडीनं उठले. माळ सरकून एका कानावर आली.

विहीणबाईनं पिशवी तिथंच टाकली. पोराचं कपाळ पाह्यलं, हात पाह्यले, जीभ काढाले लावली. मंग माह्याकडे वळल्या. आवाज चढवला नाई, तेच तं वाईट होतं.

"गुरुवारी धडधाकट पोरगा पाठवला होता मी. तुमी म्हणल्या, फसवलं. लोकायचे ब्लाउज शिवले म्या पंचवीस वर्षं. उरलेला चिंधीएवढा तुकडाही ज्याचा त्याले वापस केला. तुमचा इश्वास नसन तं पल्लवीले राहू द्या इथंच. पोराले मी घेऊन जाते."

पल्लवी दारात उभी होती. तिले यातलं काहीच माहीत नव्हतं. "माय, तू काय केलं?" म्हणली अन् रडालेच लागली. धोंड्याच्या दिवशी, लेकीचा संसार मोडून राह्यला, अन् मोडणारी कोण? मीच! मले धरणीमाय पोटात घेईन तं बरं असं झालं.

तेवढ्यात जवाईबापू कान खाजवत बोलले, "पण आई, कावीळ कोणाले झाली?"

"तुमाले!" मी म्हटलं.

"मले?" माळ हातात काढून घेतली त्यायनं. "ही त्याची हाये? मले वाटलं धोंड्याची रीत."

"मंग तुमची... तुमचं ते... पिवळं काऊन होते?" निघालं एकदाचं तोंडातून. जवाई, विहीण, नवरा, सगळ्यायच्या देखत.

जवाईबापूचे कान लाल झाले. खिशात हात घातला, कॅप्सूलची पट्टी काढली. "तोंड आलं होतं माहं. जिभेवर फोड. डॉक्टरनं बी-कॉम्प्लेक्स देलं अन् तिखट खाऊ नका म्हटलं. पल्लवीले सांगतलं असतं तं तिनं तुमाले सांगतलं असतं, अन् तुमी उगाच काळजी केली असती."

काळजी! उगाच!

अन् पाहा माहा कहर, मी तरीही माघार घेतली नाई. म्हटलं, "ताकदीच्या गोळीनं कोणाची पिवळी होते? डॉक्टरले दाखवू!" अशी सगळी वरात निघाली. आमच्या गल्लीच्या टोकालेच एक डॉक्टरीणबाई बसतात, रविवारी सकाळी उघडं राहते. पुढं हे, मंग जवाईबापू, मंग पल्लवी नाक पुसत, मंग विहीणबाई, अन् सगळ्यात मागं मी.

डॉक्टरीणबाईनं बापूले बाहेर उजेडात नेऊन डोळे पाह्यले. "डोळे तर कापसासारखे पांढरे आहेत! कोण म्हणालं कावीळ?"

सगळ्यायनं माह्याकडे पाह्यलं.

मंग त्यायनं पट्टी पाह्यली अन् हसाले लागल्या. "अहो, यात बी-टू असतं. त्याचा स्वतःचाच रंग पिवळा. शरीर लागेल तेवढं ठेवून घेतं, बाकीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. दिवसाला किती घेता?"

"एक सांगतली होती," बापू खाली पाहून म्हणाले. "मी दोन घेतो. रविवारपर्यंत तोंड बरं व्हावं म्हणून. आई धोंडे करणार होत्या ना."

ऐकलं? माह्या धोंड्यासाठी पोरगं डबल गोळ्या खाऊन राह्यलं होतं, अन् मी त्याच्या डोस्क्यावर काड्या ठेवल्या!

"एकच घ्यायची," डॉक्टरीणबाईनं दटावलं. "आणि खरी कावीळ असली तर लघवी गडद होते, मोहरीच्या तेलासारखी, आणि डोळेही पिवळे होतात. तेव्हाही माळ-बिळ करत बसू नका, सरळ इथं या." मंग त्यायनं समजावून सांगतलं का बी म्हणजे एकच जीवनसत्त्व नाई, आठ जणायचं कुटुंब हाये. कोणी नसा सांभाळते, कोणी रक्त, कोणी तोंड अन् कातडी. एकाची कमी पडली का आंग कुठून ना कुठून बोंबलते.

"आठच? मंग नंबर बारापर्यंत कसे?" आमच्या यायले भलत्या वेळी शंका येतात.

"मधले काही नंतर यादीतून काढले. ते जीवनसत्त्व नव्हतेच."

विहीणबाई मात्र अजून दगड. मी माफी मागाले म्हणून खुर्चीतून उठली अन् धाडकन परत बसली. पायाले मुंग्या! डॉक्टरीणबाईची नजर माह्यावर आली.

"पायाला मुंग्या कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले."

"थकवा? विसरायला होतं?"

"होते ना. पडदा पिवळा हाये हेच इसरली."

"चिडचिड?"

मी तोंड उघडायच्या आधी हे बोलले, "हाव."

"अंडी, मटण खाता?"

"नाई वो! अंडं घरातही येत नाई."

"मग बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. शाकाहारी माणसात ते कमी पडू शकतं. नसांवर एक आवरण असतं, ते त्याच्या जिवावर टिकतं."

आमच्या यायचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरचं बोलणं समजलं होतं. "म्हणजे वायरवरचं प्लास्टिक! ते गेलं का जो हात लावन त्याले शॉक!"

"तसंच समजा. मुंग्या येतात, चिडचिड होते. फारच कमी असलं तर कधीकधी भलतेसलते संशयही येतात."

"डॉक्टरीणबाई," हे अगदी मनापासून म्हणाले, "हे तीस वर्षांपासून कमी असू शकते काय?"

पल्लवी रडता रडता हसली. पण विहीणबाई हसल्या नाई. त्या पुढं सरकल्या. "संशय पण येतात?" त्यायनं इचारलं.

"येऊ शकतात. पण नक्की काय ते रिपोर्ट आल्यावरच."

रिपोर्टपर्यंत कोण थांबते? पुरात माणसाले झाडाची फांदी सापडावी, तशी मी पकडली! "हाव वो विहीणबाई! मले काही दिवसांपासून कसंतरीच होऊन राह्यलं! तोंडातून काय निघते माहं मले समजत नाई! तो शब्द मी नाई बोलली, माफ करा मले, पाया पडते तुमच्या!" अन् खरंच वाकली. रडणं मात्र नाटकाचं नव्हतं, सांगून ठेवते. दोन दिवसांचं साचलं होतं.

विहीणबाईनं मले खांद्याले धरून उठवलं. "मंग तुमचा काय दोष? आंगात जीवनसत्त्वच नाई तं माणूस काय करन! मीही उगाच बोलली, पल्लवीले ठेवा म्हणून. चला घरी. पोराचा धोंडा हाये आज."

अन् घरी काय? मुगाचं पाणी! पुरण शिजलं नव्हतं, तेल पलंगाखाली. विहीणबाईनं पदर खोचला, पल्लवीले हाताखाली घेतलं, अन् दोन घंट्यात पुरणाचे धोंडे तयार. मले जागेवरून उठू नाई देलं. "तुमी पडून राहा, तुमाले बरं नाई." माह्या घरी, माह्या जवायाचा धोंडा, अन् मी कूलरसमोर पाहुणीवाणी पडून! धोंडे मऊ अन् गोड, जिभेले झोंबाचा सवालच नाई. जवाईबापूनं सात खाल्ले. मले तव्हा कुठं समाधान वाटलं. सायंकाळी ती तिघंही संगं हिंगणघाटले गेली, पल्लवी खिडकीतून हात हालवत.

मंगळवारी हे रिपोर्ट घेऊन आले. चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला.

"कमी हाये ना?" मी इचारलं.

"नाई वं."

"म्हणजे?"

"भरपूर हाये. दूध-दही खाते ना तू गंजभर."

"मंग मुंग्या?"

"तीन-तीन घंटे मांडी घालून पापडं लाटत होती, मुंग्या नाई येईन तं काय येईन?"

"अन् चिडचिड? तो संशय?"

यायनं रिपोर्टची नीट घडी घातली. "ते तं मंग तुहं स्वतःचं हाये."

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई! "रिपोर्ट काय आला वो?"

यायच्याकडे पाह्यलं, कागदाकडे पाह्यलं. सांगा, तुमी काय केलं असतं? "कमी निघालं," म्हटलं.

"किती?"

"लयच."

तव्हापासून दर पंधरवड्याले हिंगणघाटहून माह्यासाठी घरचं पनीर येते, खवा येते. विहीणबाई स्वतः करतात, जवाईबापूच्या हाती पाठवतात. मी खाते. न खाऊन सांगता कोणाले? साडीच्या निऱ्या कमी पडाले लागल्या आता. परवा परत फोन आला. अशा मायेनं इचारलं, "आता तं बरं वाटत असन ना वो? चिडचिड गेली काय?"

"गेली वो! एकदम गेली! आता मी कोणाले अर्ध्या शब्दानं बोलत—" अन् तेवढ्यात यायनं टीव्हीचा आवाज वाढवला. "अहो, बहिरे झाले काय तुमी? शंभर वेळा सांगतलं, फोनवर असली का तो डबा बंद करत जा म्हणून! का आता मीच उचलून फेकू त्याले अंगणात?"

"राहू द्या, राहू द्या," फोनमधून विहीणबाई हळूच म्हणाल्या. "अजून सहा महिने पनीर पाठवते."